बाळाच्या कलमाची सावली

आमच्या वाडीत मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत बापडे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, पोरांच्या आवाजावर आवाज चढवायची सवय लागली, ती निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या कपाटात ठेवून येता येत नाही. पण यंदा मी जी भांडले ती सवयीने भांडले नाही. यंदा माझ्याकडे कारण होतं, आणि ते कारण आमच्या पडवीत आरामखुर्चीत बसून नाकातल्या नळीने श्वास घेत होतं.

रोझारियो, माझा नवरा. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर गेली, तीही इंजिनरूममध्ये. तेल आणि धूर छातीत भरून घेऊन माणूस घरी आला, आणि आता फुप्फुसं साथ देत नाहीत. डॉक्टरांनी ऑक्सिजनची मशीन लावून दिली आहे. गुडघ्याएवढी पेटी, खाली चाकं. हवेतूनच ऑक्सिजन काढते आणि नळीतून देते. दिवसभर तिची घरघर चालू. सुरुवातीला त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. आता तो आवाज थांबला तर छातीत धस्स होतं.

मशीन विजेवर चालते आणि आमची वाडी विजेच्या शेवटच्या खांबावर. जामसंड्यात ट्यूबलाईट लख्ख जळत असतात तेव्हा आमचा बल्ब नुसता लाल होऊन बसतो. तेवढ्या दाबावर मशीन शिट्या मारते आणि गप्प होते. म्हणून आमच्या लेकीने, ग्लेनिशाने, मस्कतहून सारखे फोन करकरून घरात मोठी बॅटरी बसवून घेतली आणि पूर्वेच्या छपरावर, कौलांच्या वर, सोलर पॅनेल लावून घेतली. उन्हावर बॅटरी भरायची आणि बॅटरीवर मशीन चालायची. बरं चाललं होतं.

मग गेल्या गणपतीच्या आधी वादळ आलं. तारा तुटल्या, आभाळ काळं ते काळंच, पॅनेल नुसती धुऊन निघाली आणि एका संध्याकाळी बॅटरी संपली. मशीन थांबली. सिलिंडर तळेऱ्याहून यायचा होता आणि वाटेत रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. तो येईपर्यंत रोझारियो गुडघ्यांवर हात टेकून हवा ओढत होता, आणि मी, वाडीची भांडकुदळ बाई, त्याच्या पायाशी जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. माझी आई गेली तेव्हासुद्धा मी त्याच्यादेखत रडले नव्हते. सिलिंडर आला, तो सावरला आणि त्या संध्याकाळचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मी मात्र मनाशी पक्कं केलं की जास्तीची पॅनेल लावायची. पुन्हा बॅटरी संपू द्यायची नाही.

देवगडचा अ‍ॅलन ही कामं करतो. माझाच विद्यार्थी, पाढ्यांत कच्चा, पण हाताने हुशार. तो आला, छपरावर चढला, उतरला आणि म्हणाला, "बाई, उगवतीक जागा नाय. मावळतीच्या छपरार बसवूक गावतली. पण ती फांदी मारूक होयी."

फांदी म्हणजे बाळाच्या हापूसच्या कलमाची, आणि मारायची म्हणजे छाटायची. बाळा आमचा शेजारी, मधे फक्त गडगा. दगडावर दगड रचलेला, कमरेएवढा. रोझारियोचा लहानपणापासूनचा दोस्त. दुपारचं जेवण झालं की गडगा ओलांडून येतो, दोघे बसतात, गावातल्या मेलेल्या माणसांच्या गोष्टी करतात. त्याचं कलम गडग्यावरून वाकून आमच्या मावळतीच्या छपरावर आलेलं. सूर्य डोक्यावरून कलला की सावली थेट कौलांवर.

मी बाळाला विचारलं. तो म्हणाला, "फांदी काय घेवन बसलात बाई, रोझारियोसाठी आख्खा कलम तोडतंय. दिवाळी होवंदे फक्त."

एवढं बोलल्यावर अ‍ॅलनने पॅनेल बसवली. मला पण वाटलं, चला, शेजारी असावा तर असा.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. बाळा भेटला की "मारतंय, मारतंय" म्हणायचा आणि कोयता काही हातात घ्यायचा नाही. आणि मग एके दिवशी कलम मोहोरलं. त्या फांदीला तर असा मोहोर, की पान दिसेना.

"मोहोर इलो मा बाई," बाळा गडग्यापलीकडून म्हणाला. "मोहोरलेली फांदी खंय कोण मारता?"

मी दात-ओठ खात घरात आले. मोहोराला कोयता लावणं जिवावर येतं हे मलाही समजतं, मी काही मुंबईची नाही. पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला तो मान खाली घालून. म्हणाला, "बाई, आता तर माझ्या हातातच नाय. कलमा चंदनाक दिली."

आमच्याकडे कलमं कराराने देतात. मोहोर बघून जामसंड्याच्या या चंदनसारखा व्यापारी येतो, झाडं बोलून घेतो. मग फवारणी त्याची, राखण त्याची आणि फळही त्याचं. पाऊस लागेपर्यंत मालकाने स्वतःच्या झाडाची चटणीपुरती कैरीसुद्धा तोडायची नाही. लिहिलेलं काही नसतं, शब्दावर चालतं, आणि शब्द मोडला तर बागेत पुन्हा व्यापारी पाऊल टाकत नाही. माझ्या माहेरची कलमंही अशीच जायची. मला रिवाज शिकवायला नको. पण रिवाज करणाऱ्यांच्या डोक्यात माझ्या नवऱ्याची नळी नव्हती ना.

"झाड तुझ्या परड्यात," मी म्हटलं, "पाणी तुझ्या बावीचा, सावली माझ्या छपरार, आणि फांदी जामसंड्याच्या माणसाची?"

"होय बाई," बाळा म्हणाला, वर्गात उत्तर बरोबर आल्यासारखा.

"आणि माझ्या घोवाचो श्वास कोणाचो रे? तो पण देवन टाकलस चंदनाक?"

त्याची बायको सत्यवती घरापुढच्या खळ्यातून म्हणाली, "बाई, उभ्यानी नको, च्या घेवा." मी म्हटलं, तुझा चहा तुलाच ठेव. त्या दिवसापासून मी त्या घरचा चहा सोडला. मी चहा सोडला की मामला गंभीर आहे हे वाडीत शेंबड्या पोरालाही कळतं.

मग मी अ‍ॅलनला बोलावलं आणि उलटतपासणी घेतली. तेव्हा कुठे त्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं. नवी पॅनेल त्याने जुन्या पॅनेलांच्याच माळेत जोडली होती. एका माळेतल्या एकावर सावली पडली की बाकीचीही मंदावतात. म्हणजे दुपारनंतर नवी पॅनेल काही देत नव्हती ती नव्हतीच, वर जुन्यांचंही खात होती.

"म्हणजे मी जास्तीची पॅनेल लावून वीज कमी करून घेतली?" मी विचारलं.

"बाळाकाका फांदी मारतलो म्हणान बोललो होतो," अ‍ॅलन म्हणाला. "तेच्या शब्दार मी जोडणी केलंय."

"आता वेगळी कर."

"तेका दुसरो बॉक्स लागतलो बाई, वेगळी वायर ओढूक लागतली. पण तेची गरजच खंय आसा?" त्याने मोबाईल पुढे केला. बॅटरी किती भरली, वीज किती वापरली ते त्यात त्याला देवगडात बसून दिसतं. "ह्या बघा, काल सांजेक फुल्ल. गेल्या आठवड्यात दोनदा फुल्ल. तुमका खंय कमी पडता?"

आता इथे मला खरं चक्रावून गेल्यासारखं झालं. कारण मी घरात असायचे तेव्हा संध्याकाळी बॅटरीच्या पेटीवरचे हिरवे दिवे निम्मेच लागलेले असायचे. निम्मे म्हणजे निम्मे, डोळे फुटलेले नाहीत माझे. पण मी देवगडच्या बाजाराला किंवा आणखी कुठे बाहेर गेले आणि तिन्हीसांजेला परत आले की सगळे दिवे लखलखत. मी घरी तर अर्धी, मी बाहेर तर भरलेली. मी हे अ‍ॅलनला सांगितलं तर हा गाढव हसायला लागला.

"बाई, बॅटरी तुमका भियाता."

रोझारियोही हसला. हसता हसता खोकला, आणि खोकला थांबल्यावर म्हणाला, "भरता गो बॅटरी. तू उगीच डोक्याक ताप करून घेतंस."

मला वाटलं, मीच जास्त वीज खाते. दुसरा काय अर्थ निघतो? म्हणून मी मिक्सर कपाटात टाकला आणि खोबऱ्याचं वाटप पाट्यावर वाटायला लागले. या वयात, हे खांदे घेऊन. फ्रीज दुपारभर बंद ठेवायला लागले. तरी मी घरी असले की दिवे निम्मेच. कुठे पाणी मुरतंय ते समजेना, आणि कोणाला सांगावं तर सगळे माझ्याकडे बघून दात काढणार. माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय की काय असं वाटायला लागलं. बॅटरी भरलेली दिसते ना, मग बाई भांडते कशाला? बाईला भांडायला कारण लागत नाही. हेच ना?

फेब्रुवारीत एका सकाळी मी ठरवलं, बाळाला विचारून झालं, अ‍ॅलनला विचारून झालं, आता चंदनलाच गाठायचं. रोझारियो म्हणाला, "जा गो. घाई करू नको. बाजार पण करून ये, संचिताकडे पण जावन ये, ती कधीची बोलवता." संचिता माझी जामसंड्यातली मैत्रीण. मला बरं वाटलं. नवरा आजारी असून माझी एवढी काळजी करतो म्हणून बरं वाटलं, हे लक्षात ठेवा.

चंदनच्या शेडमध्ये लाकडी पेट्या रचून ठेवण्याचं काम चाललं होतं. माणूस तरुण, नीटनेटका. मला बघून खुर्ची पुसून दिली आणि एकदम पुस्तकी मराठीत सुरू झाला. समोरचा माणूस असं बोलायला लागला की समजावं, हा आता नाही म्हणणार.

"मॅडम, तुमची अडचण मला समजते. पण ती त्या कलमाची सगळ्यात जास्त फळ धरणारी फांदी आहे. फळाची बारीक कणी आली आहे. मे अखेरीला काढू, मी स्वतः माणूस पाठवतो."

"मे अखेरपर्यंत माझ्या नवऱ्याने श्वास रोखून धरायचा का?"

"तसं नाही मॅडम. असं करू, पहिल्या तोडीची एक पेटी तुमच्याकडे पाठवतो. तेवढंच तुमचं समाधान."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माणसाला ऑक्सिजन कमी पडला की आंबा देतात, हे मी आजच ऐकते. डॉक्टरांना सांगते, त्यांना माहीत नसेल."

पेट्या रचणारी माणसं थांबून बघायला लागली. चंदनचे कान लाल झाले. तो म्हणाला, "बाळाने येऊन मला सांगू दे. तो मालक आहे. तो बोलला तर विचार करता येईल."

"बाळा म्हणतो, चंदनने सांगावं."

"मग तुम्ही त्यांच्याशी बोला."

"मी त्याच्याशी बोलते, तो तुझ्याकडे पाठवतो. तुझ्याशी बोलते, तू त्याच्याकडे पाठवतोस. मी काय तुमच्या दोघांमधला चेंडू आहे?"

त्याने हात जोडले. हात जोडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणूनच ते जोडतात. मी उठले आणि बाहेर पडले. संचिताकडे जायची इच्छा मेली, बाजाराची तर त्याहून. एसटीला वेळ होता. डोक्यावर रणरणतं ऊन, आणि त्या उन्हाचाही मला राग आला, की हे फुकट रस्त्यावर सांडतंय आणि माझ्या छपरावर सावली. तेवढ्यात आमच्या गावातली तुळसा, मासे विकणारी, देवगडच्या बंदरावरून रिक्षाने परत चालली होती. मला बघून रिक्षा थांबवली. तिच्या रिकाम्या पाट्यांमध्ये पाय अवघडून मी बसले आणि वाटभर चंदनला, बाळाला आणि हापूसला शिव्या घातल्या. तुळसा नुसतं "होय तर, होय तर" करत होती.

तिन्हीसांजेऐवजी मी जेवणवेळेलाच घरी पोचले.

खळ्यात पाऊल टाकलं आणि थांबले. काहीतरी चुकत होतं. कलमावर भुंगे गुणगुणत होते, सत्यवतीकडे भांडी वाजत होती, ते सगळं ऐकू येत होतं. घरघर नव्हती.

हातातली पिशवी कुठे पडली मला माहीत नाही. मी धावले. माझ्या मनात जे आलं ते मी लिहीत नाही.

रोझारियो पडवीत आरामखुर्चीच्या कडेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे, खांदे श्वासागणिक वर जात होते. ओठ राखाडी. नळी गळ्यात हारासारखी अडकवलेली. मशीन त्याच्या पायाशी बंद. वीज गेली नव्हती, बॅटरी संपली नव्हती. पेटीवरचे सगळे हिरवे दिवे माझ्याकडे बघत होते.

मी बटण दाबलं, नळी नाकात घातली, पाठीमागे उशी दिली. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर त्याच्यावरचा आकडा बघवेना. हळूहळू ओठांना रंग आला. त्याला श्वास पुरेसा झाला आणि मग मी तोंड उघडलं.

"मशीन कोणी बंद केली?"

तो कुडाच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "मी."

"कधीपासून चल्लाहा ह्या?"

"तू... भायर गेलंस की."

"रोज?"

"रोज खंय? तू रोज खंय भायर जातंस?"

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. मी घरी असले की बॅटरी अर्धी, कारण मी घरी असले की माझा नवरा श्वास घेत होता. मी बाहेर गेले की भरलेली. घाई करू नको, संचिताकडे जाऊन ये. आणि मला वाटत होतं, किती काळजी करतो माझी.

"मी उन्हात उभी रवलंय," मी ओरडले, "त्या चंदनासमोर तोंड वाजवलंय, सत्यवतीचो च्या सोडलंय, पाट्यार वाटप वाटून माझे खांदे गेले. कोणासाठी रे? आणि तू हय बसान बटण बंद करतस? कित्याक?"

"बोटीर असाच आसता," तो म्हणाला. त्याला एकेका वाक्याला थांबावं लागत होतं. "बॅटरी उगीच जाळूची नाय. ती राखून ठेवची. खरी गरज पडात तेव्हासाठी."

"आणि श्वास ही गरज न्हय?"

"बसान रवलंय तर चलता माका. थोडो जीव घुसमटता. मगे सवय जाता."

"सवय जाता? श्वास नाय घेवची सवय?"

"कार्मीन, आरडू नको. वाडी आयकता."

"आयकांदे वाडी. वाडीक कळांदे कोणाचो घोव किती शाणो आसा ता."

वाडीने ऐकलंच. बाळा गडग्यावरून उडी मारूनच आला. मागून सत्यवती, हाताला भाताची शितं तशीच. "काय झाला बाई?" बाळाने विचारलं. मी त्याला सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की हा तर रोज दुपारी इथे येऊन बसतो.

"तुका माहीत होता?"

बाळा चुळबुळ करायला लागला. "मशीन बंद आसता ता बघललंय. तो बोललो, दुपारचा माका लागना नाय, डॉक्टरान सांगलाहा. माका खरा वाटला."

म्हणजे मला सोडून सगळ्यांना दिसत होतं. अ‍ॅलनला मोबाईलवर दिसत होतं, बाळाला समोर बसून दिसत होतं, आणि भांडखोर ठरले मी. मी दोघांकडेही पाठ केली. माझ्याने बघवेना. आणि पाठमोरी असतानाच रोझारियो हळू आवाजात बोलायला लागला. बाळाशी बोलतोय असं दाखवत, पण बोलत होता माझ्याशी.

"त्या वादळात बॅटरी संपली मा, तेव्हा माका श्वास नाय गावलो, तेचा काय नाय. बोटीर खूप वेळा धुरात कोंडान पडलंय. पण ही थय खाली बसली नि रडली. इतक्या वर्सांत कधी नाय रडली. ता माका परत बघूचा नाय होता. सांजेक येवन तिणा ते दिवे बघितल्यान, सगळे पेटलेले, की तिचा तोंड बरा दिसता. म्हणान मी..."

पुढचं खोकल्यात गेलं. प्रेम म्हणायचं का याला? म्हणा. पण मला त्याचा इतका संताप आला होता की ती आरामखुर्ची त्याच्यासकट खळ्यात नेऊन आपटावी. माझे डोळे कोरडे राहावेत म्हणून हा माणूस स्वतःच्या ओठांचा रंग घालवून बसला होता, आणि वर मला विचारलंसुद्धा नव्हतं.

बाळा रोझारियोच्या तोंडाकडे बघत उभा होता. मग गडगा ओलांडून गेला. मला वाटलं, नेहमीप्रमाणे हात झटकले. पण थोड्या वेळाने गडग्यापलीकडे शिडी टेकल्याचा आवाज आला. मी मागच्या दारी गेले तर सत्यवती शिडी धरून उभी आणि बाळा वर, कमरेला कोयता, हातात दोर. त्याने फांदीला दोर बांधला, दुसरं टोक वरच्या खोडावरून घेतलं आणि कोयता घातला. फांदी तुटली ती दोरावर लोंबत, माझ्या पॅनेलना न लागता, हळूहळू खाली आली. तिच्यावर हिरवी बारीक कणी, मिरीएवढी, हजारो असेल. दुपारचं कललेलं ऊन एकदम कौलांवर आलं. इतकं ऊन आमच्या त्या छपरावर मी पहिल्यांदाच बघितलं.

रोझारियो नळी ताणून दारापर्यंत आला होता. "बाळा," तो म्हणाला, "चंदनाक शब्द दिललंस मा रे तू."

बाळाने कोयता पानांना पुसला. "तुका त्याच्या आधी दिललंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चंदन आला. तोडलेली फांदी बघितली आणि वाडीसमोर, पुस्तकी मराठी सोडून, बाळाला जे बोलायचं ते बोलला. पुढच्या वर्षीपासून तुझी कलमं घेणार नाही, दुसऱ्या कोणालाही घेऊ देणार नाही, म्हणाला. बाळाने मान खाली घालून ऐकून घेतलं. मला वाटत होतं की मधे पडावं आणि चंदनला चार शब्द सुनवावेत, पण त्या दिवशी चंदनचंही खरं होतं, आणि हे मला फार जड गेलं. तो गेल्यावर मी सत्यवतीच्या खळ्यात जाऊन बसले आणि न विचारता चहा मागितला. तिने दिला. साखर विसरली होती, मी तशीच प्यायले.

अ‍ॅलनला मी फोनवर एवढंच सांगितलं की दुसरा बॉक्स आणि वेगळी वायर घेऊन ये, आणि मोबाईल घरी ठेवून ये. आला बिचारा. नव्या पॅनेलांची जोडणी जुन्यांपासून वेगळी केली. जाताना म्हणाला, "बाई, दुपारी लोड कमी दिसायचा तेव्हाच माका विचारूक होया होता." मी म्हटलं, होय, विचारायला हवं होतं. त्याला वाटलं असेल, बाई म्हणतील जाऊ दे. मी नाही म्हटलं.

रोझारियोशी मी नीट बोलत नाही. जेवण वाढते, औषध देते, नळी धुते, बोलत मात्र नाही. बाहेर जायचं झालं तर सत्यवती येऊन मशीनपाशी बसते आणि मी खळ्यात परत पाऊल टाकलं की आतूनच सांगते, "चालू आसा बाई." रोझारियोला हे आवडत नाही. नको आवडू दे.

मार्चमध्ये अवकाळी ढग आले. आंबेवाल्यांच्या काळजाचं पाणी झालं आणि आमच्या पॅनेलांवर दिवसभर उजेड असा नव्हताच. संध्याकाळ झाली तसे हिरवे दिवे एकेक करून विझत गेले. शेवटचे दोन राहिले. मी लसूण सोलत पडवीत बसले होते, नजर लसणावर. रोझारियोचा हात खुर्चीच्या दांड्यावरून हळूच खाली, मशीनच्या बटणाकडे गेला.

"हात काढ," मी म्हटलं.

"संपात गो बॅटरी."

"संपांदे. सिलिंडर आणून ठेवलंय मागलादारी."

"आणि तो संपलो तर?"

"तर मी रडन," मी म्हटलं. "हय, तुझ्या पायाकडे बसान, मोठ्यान रडन. तू श्वास घे आणि बघ."

त्याने हात वर घेतला आणि मांडीवर ठेवला. मी लसूण सोलत राहिले.